गप्प बसवलेला पत्रा

स्टीलचे ताट हातातून निसटून फरशीवर पडले की घरभर आवाज घुमतो आणि कोणीतरी धावत येऊन त्यावर पंजा ठेवते. आवाज जागच्या जागी थांबतो. मग ताटाची ऊर्जा गेली कुठे? हा प्रश्न आम्ही वर्गात अनेकदा विचारला आहे. 'हातात गेली' असे उत्तर येते, आणि ते बरोबरच असते. हाताचे मांस मऊ असते. कंपनाबरोबर ते ताणले-दाबले जाते आणि ऊर्जेची उष्णता होते. पोलादाला स्वतःला हे जमत नाही. एका आंदोलनात ते आपल्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा हिस्सा गमावते, म्हणून ताट इतका वेळ वाजत राहते. मोटारीच्या पत्र्यावर कायमचा पंजा ठेवता येत नाही. त्याऐवजी काय ठेवावे, हे कळायला माणसाला बराच काळ लागला.

आमच्या उपनगरातल्या पिढीला हा पत्रा ओळखीचा झाला तो कुर्ल्यामुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. तिथेच फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मूळची इटालियन ११००-१०३ ही गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली होती. तिला खाली वेगळी चौकट नव्हती. सांधलेला पत्राच सगळे वजन पेलत होता. अशा बांधणीने गाडी हलकी होते, पण इंजिनाची आणि चाकांची थरथर थेट पत्र्यात उतरते. तळ, दारे, छप्पर ही सगळी मोठमोठी ताटेच म्हणायची.

जुन्या मोटारींना हा त्रास कमी होता. त्यांचे सांगाडे लाकडी असत आणि छपराच्या मधल्या भागात पत्र्याऐवजी कापड ताणलेले असे. १९३५च्या गाड्यांसाठी जनरल मोटर्सने अख्खे पोलादी छप्पर आणले, तेव्हा ते ढोलासारखे घुमेल ही मोठी धास्ती होती. उपाय निघाला तो डांबरात भिजवलेल्या नमद्याचा. तो आतून चिकटवला की पत्रा गप्प बसे. पण किती जाड लावायचा आणि कुठे लावायचा, हे सारे अंदाजपंचेच होते.

'कुठे' या प्रश्नाचे उत्तर खरे तर जुनेच होते. १७८७ साली क्लाड्नी या जर्मन अभ्यासकाने धातूच्या तबकडीवर वाळू पसरून कडेवरून व्हायोलिनची धनुकली ओढल्यावर काय होते ते प्रसिद्ध केले. वाळू हलत्या भागावरून उडून स्थिर रेषांवर जमते आणि नक्षी उमटते. त्या नक्षीमागचे गणित मांडल्याबद्दल सोफी जर्मेन या फ्रेंच विदुषीला १८१६ साली पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले. पण पत्रा कुठे हलतो हे कळले, तरी त्याची ऊर्जा कशी मारावी हे त्यातून कळत नव्हते.

ते सांगितले हेरमान ओबेर्स्टने, १९५२ साली. पातळ पत्र्यावर चिकटवलेला थर पत्रा वाकताना ताणला आणि दाबला जातो. तो थर ऊर्जा गिळणारा असेल तर कंपन विरते. याला अवमंदन म्हणतात. ओबेर्स्टच्या गणितातून दिसले, की एका मर्यादेपर्यंत थराची जाडी दुप्पट केली तर अवमंदन जवळजवळ चौपट होते. म्हणजे सगळीकडे पातळ थर पसरण्यापेक्षा मोजक्या जागी जाड थर देणे शहाणपणाचे. पुढे १९५९ साली अमेरिकेत एडवर्ड कर्विनने त्या चिकट थरावर आणखी एक पातळ, ताठ पत्रा बसवला तर काय होते याचे गणित मांडले. पत्त्यांचा जोड तळहातांत धरून सरकवावा तसा मधला थर दोन पत्र्यांमध्ये सरकतो आणि थोड्या जाडीत पुष्कळ ऊर्जा खातो. आज बाजारात मिळणाऱ्या, वरून अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख असलेल्या चिकट पट्ट्या याच तत्त्वावर चालतात.

यातले काहीही आम्हाला १९९६च्या मे महिन्यात ठाऊक नव्हते. गच्चीच्या गळतीच्या कामातून उरलेले टारफेल्ट घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत पडून होते. आम्ही दोन रविवार खपून ते आमच्या जुन्या गाडीच्या तळावर आणि दारांच्या आत, एक इंचही जागा न सोडता, साध्या वितळवलेल्या डांबराने चिकटवले. छताला स्पंज लावला. गाडी थोडी शांत झाली आणि आम्ही खूश झालो. साधे डांबर ४५ ते ५५ अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि उन्हात बंद गाडीचा पत्रा याहून सहज तापतो. त्यामुळे वास आणि ओघळ लगेच आले. खरा घात पावसाळ्यात झाला. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोके असतात. ती आम्ही बुजवली होती. काचेच्या फटीतून आत गेलेले पाणी तिथेच राहिले आणि पुढच्या वर्षी दोन दारे आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा कुजलेला निघाला.

पत्रेकाम करणाऱ्या मिस्त्रींनी फेल्ट खरवडून काढले, बोटाच्या पेराने पत्रा ठिकठिकाणी ठोकला आणि विचारले, "सर, सगळीकडे कशाला लावलंत? वाजतो तिथंच लावायचं." त्यांनी ओबेर्स्ट वाचला नव्हता. कडा, घड्या आणि सांधे 'टक्' असे वाजतात; मधला सपाट भाग 'ढब' असा. कडेला जखडलेला पत्रा मध्ये जास्त हलतो, एवढे त्यांच्या बोटाला कळत होते.

स्पंजाची चूक मात्र वेगळ्या जातीची होती, आणि तिचा इतिहासही वेगळा आहे. १८९५ साली हार्वर्डमधले एक नवे व्याख्यानगृह इतके घुमे, की शब्द कळत नसे. वॉलेस सेबाइन याने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री तिथे नेऊन, ऑर्गनची नळी वाजवून, आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. गादी हवेतला आवाज खाते. पत्र्याचे कंपन नव्हे. आता हिशेब करा. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा सेकंदाला ५० फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे १०० हर्ट्झ. त्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर. छिद्राळ पदार्थ उत्तम काम करतो तो हवा सर्वांत जास्त हलते तिथे, म्हणजे पत्र्यापासून पाव तरंगलांबीवर: ८५ सेंटिमीटर! आमचा स्पंज एक सेंटिमीटरचा होता.

तिसरा मार्ग नुसत्या वजनाचा. वजन दुप्पट केले की आरपार जाणारा आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. ०.८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे एका चौरस मीटरला सुमारे ६.३ किलो भरतात. चार चौरस मीटरला ६ डेसिबल हवे असतील तर २५ किलो ओझे गाडीत कायमचे वागवावे लागेल. त्या काळच्या पेट्रोलच्या भावातही आम्हाला ते परवडणारे नव्हते.

वर्गात ताट दोऱ्याने टांगून वाजवा. डांबरी किंवा रबरी पट्टीचा एक तुकडा आधी मध्यभागी चिकटवा, मग तोच कडेला लावा. मध्यभागी फरक फारसा पडत नाही, कडेला लावला की आवाज लगेच विरतो. टांगलेल्या ताटाची कड मोकळी असते, म्हणून तिथे ती जास्त हलते. गाडीच्या छपराचे नेमके उलट. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. आमच्या वर्गात बहुतेकांनी मध्यच लिहिला होता.

दुसऱ्या खेपेला आम्ही मोटारीसाठीच बनवलेले डांबरी पॅड आणले, पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले आणि ढब वाजेल तिथेच लावले. भोके मोकळी ठेवली. खर्च पहिल्यापेक्षा जास्त आला, वजन मात्र निम्म्याहून कमी.

कुर्ल्याचा कारखाना नंतर बंद झाला, प्रीमियर रोड हे नाव मात्र उरले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आमची गाडी त्याआधीच भंगारात गेली होती. इंजिन थकले होते. दारे शाबूत होती.