गाडी टाकून येता येत नाही

लांब पल्ल्याच्या मोटारसायकल प्रवासाचा इतिहास सहसा धाडसी माणसांच्या नावांनी सांगतात. १९१२ मध्ये हेंडरसन गाडीवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला कार्ल क्लॅन्सी, १९३२ मध्ये डग्लस घेऊन लंडनहून पूर्वेकडे वळलेला रॉबर्ट फुल्टन, १९७३ ते १९७७ या काळात ट्रायम्फवर सुमारे ६४,००० मैल पालथे घालणारा टेड सायमन. अशा कहाण्यांत रस्त्याच्या कडेला इंजिन उघडून बसलेला माणूस हमखास भेटतो, आणि वाचकही धरून चालतो की ही दुरुस्तीची विद्या यंत्राच्या प्रेमातून आली. प्रेम असेलही. पण पिस्टन जाम झालाय, पैसे संपत आलेत, अंगात ताप आहे, तरी हा गृहस्थ गाडी तिथेच सोडून सरळ बस का पकडत नाही, याचा उलगडा प्रेमाने होत नाही. तो कस्टम्सच्या एका चोपड्याने होतो.

त्या चोपड्याला कार्ने म्हणतात. त्याची मुळं सायकलच्या जमान्यातली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सायकलवरून हिंडणाऱ्या हौशी मंडळींपुढे सरहद्दीवर जकातीची अनामत भरण्याचा प्रश्न उभा राही. त्यावर तोडगा निघाला तो क्लबांच्या जामिनाचा: सभासद गाडी परत नेईल याची हमी क्लबाने द्यायची. १८९८ मध्ये लक्झेंबर्गला सतरा सायकल आणि मोटार क्लबांनी मिळून जो संघ काढला, त्याच्याच पुढच्या अवताराने ही व्यवस्था जगभर नेली. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचा करार झाला आणि तिला आंतरराष्ट्रीय कायद्याचं बळ मिळालं. आपल्याकडे १९१९ साली स्थापन झालेली मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हा कागद देत आली आहे. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना एक तुकडा तिथलं कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा. तिसरा चोपड्यातच राहतो आणि त्यावर येण्याचे व जाण्याचे असे दोन शिक्के लागतात. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर गाडी त्या देशात विकली असं समजून जकातीची मागणी थेट जामीन राहिलेल्या क्लबाकडे जाते, आणि क्लब ती प्रवाशाने ठेवलेल्या हमीतून वसूल करतो. इजिप्तसारख्या देशासाठी ही हमी गाडीच्या किमतीच्या कित्येक पट असे. म्हणजे जुन्या, खिळखिळ्या गाडीपायी माणसाचं घरचं सगळं गहाण पडायचं.

याचा परिणाम थेट पान्या-स्क्रूड्रायव्हरपर्यंत पोचतो. कार्नेवर चासी नंबर असतो, तसा इंजिन नंबरही. सरहद्दीवरचा चिकित्सक अधिकारी क्रँककेसवरची तेलमाती चिंधीने पुसायला लावतो आणि आकडा न् आकडा ताडून पाहतो. त्यामुळे बॅरल रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो, हेड बदलता येतं, व्हॉल्व्ह घासता येतात. पण ज्यावर नंबर ठोकलेला आहे ती क्रँककेस जपावीच लागते. तडा गेला तर वेल्डिंग करायचं. बाजारात दुसरं इंजिन स्वस्तात मिळत असलं तरी ते घालून पुढच्या नाक्यावर उभं राहणं म्हणजे नसती आफत. १९५४ च्या करारात तर दुरुस्तीचीही कलमं आहेत. आत आलेल्या गाडीसाठी मागवलेला सुटा भाग जकातीविना येऊ शकतो, मात्र काढलेला जुना भाग परत न्यायचा, सरकारजमा करायचा, नाहीतर अधिकाऱ्यांसमोर नष्ट करायचा. अपघातात गाडीचा चुराडा झाला, तरी त्या लोखंडाला हाच न्याय. नाहीतर जकात भरा. मोडक्या गाडीची इतकी काळजी तिच्या मालकानेही कधी घेतली नसेल.

यावर कोणी म्हणेल, कार्ने नव्हता तेव्हाही लोक गाड्या दुरुस्त करतच होते. जुनी यंत्रंच नाजूक, दुसरं काय करणार? खरं आहे. बिघाड यंत्रामुळेच होतो. प्रश्न आहे तो बिघाडानंतर किती वाटा उरतात याचा. पुण्याहून लडाखला गेलेल्याची गाडी बसली तर तो ती ट्रकवर टाकतो, रेल्वेच्या पार्सलात घालतो किंवा मिळेल त्या किमतीला फुंकून मोकळा होतो. परदेशी गाडी घेऊन आलेल्याला यातली शेवटची वाट बंद असते. याची चांगली परीक्षा दिल्लीच्या करोलबागेत होते. भारत हिंडायला आलेले कितीतरी परदेशी पाहुणे आपली गाडी घरीच ठेवून तिथून जुनी बुलेट घेत आले, हिमाचलापासून गोव्यापर्यंत ती चालवत आले आणि जाताना विकत आले. माणसं त्याच जातीची, रस्ते तेच, आणि बुलेट काही कमी बिघडणारी नव्हे. पण या मंडळींना हत्यारांची पोतडी बाळगावी लागली नाही. दुरुस्ती नाक्यावरच्या मेकॅनिकने केली. देशातली गाडी देशातच राहणार होती, मग तिच्यासाठी जीव कोण टाकणार?

दुसरा आक्षेप जरा जड आहे. युरोपात आज कार्ने न दाखवता कितीही सरहद्दी ओलांडता येतात, भारतीय दुचाकी रक्सौलहून नेपाळातल्या वीरगंजला जाते तेव्हा भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरून काम भागतं, तरीही दुरुस्तीचं कौतुक टिकून आहेच ना? आहे, पण तिथे ते हौसेचं झालं आहे, त्यावाचून कोणाचं घर अडत नाही. नेपाळचं भन्सार दिवसांच्या हिशेबाने आकारतात, म्हणजे तिथेही गाडी परत नेण्याची मुदत आहेच, फक्त डोक्यावर टांगलेली रक्कम लहान. चोपडं टिकलं ते मुख्यतः जिथे परदेशी गाडीवर जबर आयातशुल्क आहे तिथे, आणि भारत त्यात अनेक दशकं पुढच्या रांगेत बसला आहे. आता इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक झाल्यामुळे रस्त्याकडेला फारसं काही उघडता येत नाही. सेन्सर गेला की भाग कुरियरने मागवायचा आणि गाडी हॉटेलच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी ठेवून त्या देशातली तिची मुदत मोजत बसायचं.