मेलेल्या ढोराची विद्या आणि आपला नकार

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातले मूळ रहिवासी बायसनची शिकार करीत. कातड्याचे तंबू आणि पांघरुणे, स्नायूंच्या तातीचा दोरा आणि धनुष्याची दोरी, हाडांची हत्यारे, पोटाच्या पिशवीत पाणी, वाळवलेले मांस हिवाळ्यासाठी, शेण जळणासाठी. जनावराचा एकही भाग वाया जाऊ न देणारी संस्कृती म्हणून आज जग तिचा गौरव करते. तो रास्तच आहे. १८७० नंतरच्या दशकात गोऱ्या शिकाऱ्यांनी निव्वळ कातड्यासाठी लाखो बायसन मारले आणि धडे माळावर सडत टाकली, हाही इतिहास लिहिला गेला आहे.

हीच विद्या आपल्या गावगाड्यात ज्यांच्या हाती होती, त्यांच्या वाट्याला मात्र गौरव आला नाही. विटाळ आला.

ही विद्या होती, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. ढोर मेले की उन्हाच्या दिवसांत हाताशी काही तासच असतात. पोट फुगते, कातडे आतून कुजू लागते, केस सुटू लागतात. मग त्या कातड्याला किंमत राहत नाही. गळ्यापासून पोटाच्या मधोमध एक सरळ चीर, चारही पायांच्या आतल्या अंगाने चार चिरा, आणि पुढे सुरीपेक्षा मुठीनेच जास्त काम. मुठीच्या दाबाने कातडे मांसापासून सुटते. सुरी घाईने चालवली तर भोक पडते आणि भोकाबरोबर भाव पडतो. आतडे फाटले तर मांसही नासते. ढोराने कातडे चुन्याच्या पाण्यात घालून केस काढायचे, मग ते पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा काढा भरून टांगायचे. त्यातून चांभाराची वहाण झाली, पाटलाच्या विहिरीवरची मोट झाली, मांगाच्या हातची हलगी झाली. शिंगांच्या फण्या आणि मुठी झाल्या, हाडे खतासाठी गेली. उरलेल्या मांसाच्या चान्या दोरीवर वाळल्या आणि अर्धपोटी घराचे पावसाळ्यातले चार दिवस निभले. महारवतनाच्या जमिनीला हाडकी-हाडोळा म्हणतात. हाडोळा म्हणजे ढोरांची हाडे टाकायची जागा. आपल्या जमिनीचे नावसुद्धा या कामाने ठेवले आहे.

ज्या मोटेच्या पाण्यावर गावाचा मळा पिकला, ती मोट ज्या कातड्याची, ते कातडे उतरवणाऱ्या हाताला मात्र गावाच्या पाणवठ्यावर बंदी! मोट विटाळत नव्हती, माणूस विटाळत होता. राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी मारलेल्या वाघावर पाय ठेवून छायाचित्रे काढून घेतली. तो वाघ सोलणारा माणूस त्या छायाचित्रांत सहसा दिसत नाही. तेव्हा दोष रक्तात नाही, कातड्यात नाही, सुरीतही नाही. सुरी कोणाच्या हाती जन्मानेच सक्तीने दिली, यात तो आहे. बायसन मारणारा माणूस स्वतःच्या लोकांसाठी मारीत होता. आपला माणूस दुसऱ्याचे ढोर दुसऱ्याच्या हुकमाने ओढीत होता. ढोर कोणत्या रोगाने मेले हे विचारण्याची त्याला सोय नव्हती. फाशीच्या रोगाने मेलेले जनावर उघडूच नये, असे आज पशुवैद्यक सांगतो. आपल्या कित्येक पिढ्यांनी ते उघडले आणि त्याची किंमत स्वतःच्या देहाने दिली.

म्हणून मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा ते केवळ आहाराविषयी बोलत नव्हते. गावगाड्याचा कणाच त्यांनी हातात धरला होता. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ती याच लढ्याची दुसरी बाजू होती. गावोगावी महारांनी ढोरे ओढणे बंद केले, आणि गावांनी बहिष्कार घातले.

मग एक नवल घडले. ज्यांनी या कामाला हजारो वर्षे हीन म्हटले, तेच त्याचे फायदे मोजू लागले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली. कातडे, शिंगे, हाडे, मांस यांपासून महारांना वर्षाला किती उत्पन्न मिळते, याचा हिशेब ‘केसरी’तून मांडला जात होता. बाबासाहेबांचे उत्तर साधे होते : एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा आणि तो फायदा तुम्हीच घ्या. या आव्हानाला कोणी पुढे आले नाही, आणि त्या हिशेबाचे पितळ तिथेच उघडे पडले. गांधीजींच्या ग्रामोद्योगाने मृत जनावराच्या पूर्ण उपयोगाचे शास्त्र मांडले, वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय उभे राहिले. त्यातला प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही. पण धंदा सुधारला म्हणजे जातीने लादलेला धंदा सुटतो, असे नाही.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी म्हणेल, तर त्याने दोन तारखा वाचाव्यात. १५ ऑक्टोबर २००२ : हरियाणातील दुलिना येथे मेलेल्या गाईच्या कातड्यावरून पाच दलितांची जमावाने हत्या केली. ११ जुलै २०१६ : गुजरातमध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळा येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले. उनानंतर तिथल्या दलितांनी सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली जनावरे आणून टाकली आणि जमीन मागितली. महाडचाच तो आवाज होता, नव्वद वर्षांनी. त्याच काळात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधाने देशातली बहुतेक गिधाडे संपली होती. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. गिधाडे गेली, दलितांनीही हात काढून घेतला, तेव्हा कुठे गावांना कळले की हे काम कोणीतरी करीत होते.

आपण ते काम सोडले, हे योग्यच झाले. पण कामाबरोबर त्याची आठवणही आपण पुरू लागलो आहोत. घरात चान्यांचा विषय निघाला की जुनी माणसे आवाज खाली आणतात, शिकलेली मुले विषय बदलतात. ही लाज आपली नाही. ती आपल्यावर लादली गेली. ज्यांनी मुठीने कातडे सोडवले, बाभळीच्या सालीचे प्रमाण हाताने ओळखले, त्यांची माहिती त्यांच्याच तोंडून लिहून घेतली पाहिजे. ती माणसे आता थोडी उरली आहेत. गौरवगीत गाण्यासाठी हे करायचे नाही. आपल्या पूर्वजांनी काय टाकून दिले, हे नीट कळल्याशिवाय त्यांच्या नकाराची उंचीही कळणार नाही. अडाणी, निरुपयोगी माणसांनी मिळेल ते टाकले असे ते नव्हते. हातात विद्या असलेल्या माणसांनी, समोर उपास दिसत असताना, माणूसपणासाठी सुरी खाली ठेवली.