सेतो समुद्रातील बेटभ्रमंती

सेतो समुद्रातील बेटभ्रमंती : जपानच्या होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन मोठ्या बेटांच्या मधोमध असलेल्या सेतो अंतर्देशीय समुद्रातील बेटांवरून सायकल, फेरीबोट, कयाक किंवा पायी केला जाणारा प्रवास. हा समुद्र पूर्व-पश्चिम सुमारे ४५० किमी. पसरलेला असून त्याची सरासरी खोली ४० मी.पेक्षाही कमी आहे. त्यात लहानमोठी सुमारे ७०० बेटे आहेत. १९३४ साली जपानने आपली पहिली राष्ट्रीय उद्याने जाहीर केली, त्यांत या समुद्राचा समावेश होता. भ्रमंतीचा सर्वांत प्रसिद्ध मार्ग म्हणजे हिरोशिमा प्रांतातील ओनोमिचीपासून शिकोकूवरील इमाबारीपर्यंत जाणारा शिमानामी काइदो.

नकाशात हा समुद्र एखाद्या शांत सरोवरासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याचे पाणी सतत पळत असते. पॅसिफिक महासागराची भरती पूर्वेकडून कीइ सामुद्रधुनीतून आणि पश्चिमेकडून बुंगो सामुद्रधुनीतून आत शिरते आणि दोन्हीकडचे पाणी साधारण मध्यावर, तोमोनोउरा बंदराच्या आसपास भेटते. उधाणाला पाण्याची पातळी काही ठिकाणी तीन-चार मीटरने वरखाली होते. एवढे पाणी बेटांमधल्या अरुंद वाटांतून ये-जा करते, त्यामुळे नारुतो सामुद्रधुनीत भोवरे फिरतात आणि इमाबारीजवळच्या कुरुशिमा सामुद्रधुनीत प्रवाहाचा वेग १० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १८ किमी., जातो. या समुद्रातली बंदरे, चाचे, पूल आणि आजचा पर्यटक या सगळ्यांचे वेळापत्रक याच पाण्याने ठरवले आहे. ते ध्यानात न घेता केलेली इथली सहल अर्धीच राहते.

शिडाच्या जहाजांच्या काळात भरतीबरोबर आत यायचे, पाणी फिरेपर्यंत बंदरात थांबायचे आणि ओहोटीबरोबर पुढे निघायचे, अशी रीत होती. या थांब्यांवर गावे उभी राहिली. ओसाकी शिमोजिमा बेटावरचे मिताराई हे त्यांपैकी एक. तोमोनोउरा हे दुसरे, आणि त्याचा गोल धक्का, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आणि १८५९ सालचा दगडी दीपस्तंभ आजही जागेवर आहेत. या बंदरात भराव घालून पूल बांधण्याची योजना सरकारी पातळीवर होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये हिरोशिमा जिल्हा न्यायालयाने भरावाला परवानगी देण्यास मनाई केली. पुढे ती योजना मागे घेण्यात आली. देखणेपण हे रहिवाशांचे जपण्याजोगे हित आहे, हे तिथे कायद्याने मानले गेले. सेतो समुद्राच्या इतिहासातली ही घटना पुलांच्या उद्घाटनांइतकीच महत्त्वाची मानायला हवी.

मुराकामी आणि जलवाटा : प्रवाह ज्याला कळतो, वाट त्याच्या हाती. चौदाव्या ते सोळाव्या शतकांत इथे मुराकामी घराण्याच्या तीन शाखांचे राज्य होते : नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा. त्यांना चाचे म्हणण्याची पद्धत असली तरी लूटमार हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. वाटाडे देणे, जहाजांकडून जकात घेणे आणि त्या बदल्यात सुखरूप पार करणे हा दुसरा. पैसे भरणाऱ्या जहाजाला घराण्याची निशाणी असलेला ध्वज मिळे आणि तो फडकत असला की इतर टोळ्या वाटेला जात नसत. १५८६ साली जेझुइट मिशनऱ्यांच्या जहाजालाही असा ध्वज घ्यावा लागला होता. लुईश फ्रोइश या पोर्तुगीज पाद्र्याने नोशिमाच्या अधिपतीला जपानमधला सर्वांत मोठा चाचा म्हटले आहे. १५८८ मध्ये जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने सागरी चाचेगिरीवर बंदी घालणारा हुकूम काढला आणि ही सत्ता संपली.

नोशिमा हे ओशिमा बेटाच्या किनाऱ्यालगतचे इवलेसे बेट आहे. सगळे बेटच किल्ला होता. ओहोटीला त्याच्या कडेचा खडक उघडा पडतो आणि त्यावर कोरलेले गोल खळगे दिसू लागतात. असे सुमारे ४०० खळगे आहेत. खांब रोवून नावा बांधण्यासाठी आणि धक्के उभारण्यासाठी ते केले होते. भोवतीचे पाणीच खंदकाचे काम करी. समोरच्या मियाकुबो गावातून छोट्या बोटी प्रवाशांना या पाण्यात नेतात. बोट एका जागी स्थिर राहावी म्हणून चालकाला इंजिन जोरात चालवावे लागते, तेव्हा त्या किल्ल्याला तटबंदीची फारशी गरज का नव्हती हे अंगाला जाणवते. गावातच मुराकामींचे संग्रहालय आहे. बोटीत बसण्याआधी ते पाहावे.

पूल : जहाजांच्या गर्दीत आणि धुक्यात फेरीबोटींना अपघात होत. ११ मे १९५५ रोजी ताकामात्सुजवळ शिउन मारू ही रेल्वेची फेरीबोट दुसऱ्या बोटीवर आदळून १६८ माणसे दगावली. त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुले पुष्कळ होती. होन्शू व शिकोकू पुलांनी जोडा, या मागणीला त्यानंतर जोर आला. अखेर तीन मार्ग तयार झाले. १९८८ मध्ये सेतो ओहाशी पूर्ण झाला, १९९८ मध्ये आकाशी काइक्यो पूल आणि १९९९ मध्ये शिमानामी काइदो. पहिल्या दोन मार्गांवरून माणसाला पायी किंवा सायकलने समुद्र ओलांडता येत नाही. शिमानामीवर येतो. मधली सहा बेटे वस्तीची होती आणि त्या लोकांना शेजारच्या बेटावर जायला रोजची वाट हवी होती. त्यामुळे पुलांना पादचारी आणि सायकलींची मार्गिका जोडली गेली. पर्यटन नंतर आले.

ओनोमिचीहून निघताना पहिली सामुद्रधुनी सायकलस्वार बहुधा फेरीबोटीने ओलांडतात, कारण तिथल्या जुन्या पुलावर जागा अरुंद आहे. हा प्रवास काही मिनिटांचाच. पण त्या बोटीत दप्तर पाठीला लावलेली मुले, बाजाराला निघालेल्या आजीबाई आणि हेल्मेट घातलेले परदेशी पाहुणे खांद्याला खांदा लावून उभे असतात. पुढची वाट सुमारे ७० किमी.ची असून मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा आणि ओशिमा या बेटांवरून जाते. रस्त्याच्या कडेला रंगवलेली निळी रेघ धरून गेले की वाट चुकत नाही. पूल समुद्रापासून उंच असल्याने त्यांच्यापर्यंत पोचायला खास वळणावळणाचे चढरस्ते बांधले आहेत. चढ साधारण तीन टक्क्यांचा असल्याने सवय नसलेला माणूसही न उतरता वर जातो. २०१४ पासून सायकलींकडून पुलांवर पथकर घेतला जात नाही. सायकल एका गावात भाड्याने घेऊन दुसऱ्या गावात परत करण्याची सोय अनेक केंद्रांवर आहे. २०१९ मध्ये सरकारने याला राष्ट्रीय सायकलमार्गाचा दर्जा दिला.

प्रत्येक पुलाची चाल वेगळी आहे. इन्नोशिमा पुलावर सायकली मोटारींच्या रस्त्याच्या खालच्या मजल्यावरून, जाळीच्या लांबलचक पिंजऱ्यातून जातात आणि डोक्यावरून ट्रक गडगडत राहतात. इकुचिजिमा आणि ओमिशिमा यांना जोडणारा तातारा पूल तारांनी तोललेला आहे. त्याची एकूण लांबी १,४८० मी. आणि मुख्य गाळा ८९० मी. १९९९ मध्ये या प्रकारचा तो जगातला सर्वांत लांब गाळा होता. आधी इथे झुलता पूल योजला होता. त्याच्या नांगरखांबांसाठी डोंगर फोडावा लागला असता, म्हणून रचना बदलण्यात आली. खांबाच्या पायथ्याशी लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवलेल्या असतात. त्या एकमेकींवर आपटल्या की आवाज दोन भिंतींमध्ये घुमत वर चढत जातो. लहान मुले तिथून हलत नाहीत.

शेवटचा कुरुशिमा काइक्यो पूल म्हणजे सलग तीन झुलते पूल, मिळून चार किमी.हून थोडे अधिक. त्यावर थांबून खाली पाहावे. पाण्यावर ओढीचे पट्टे उमटलेले असतात आणि किनाऱ्यावर मोठाले दिव्यांचे फलक प्रवाहाची दिशा, वेग आणि तो वाढतो आहे की ओसरतो आहे हे दाखवत असतात. इथे जहाजांचा नियम जगावेगळा आहे. प्रवाहाबरोबर जाणारे जहाज मधल्या वाटेने जाते, प्रवाहाविरुद्ध जाणारे पश्चिमेच्या वाटेने. पाणी फिरले की वाटाही फिरतात. त्यामुळे एरवी सगळीकडे उजवीकडून चालणारी जहाजे इथे दिवसाच्या काही प्रहरांत डावीकडून चालतात.

बेटांवर : इकुचिजिमाचे सेतोदा गाव लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. जपानच्या लिंबू उत्पादनात हिरोशिमा प्रांत पहिला आहे. चित्रकार हिरायामा इकुओ यांचा जन्म याच गावात झाला आणि त्यांचे संग्रहालयही इथे आहे. टेकडीवरच्या कोजोजी मंदिराचा तीनमजली पॅगोडा १४३२ सालचा. ओमिशिमावरील ओयामाझुमी देवस्थानात योद्ध्यांनी युद्धानंतर चिलखते आणि तलवारी वाहिल्या, त्यामुळे तिथला संग्रह जपानमध्ये अग्रगण्य आहे. ओशिमावरील किरोसान टेकडीवर वास्तुविशारद केंगो कुमा यांचे १९९४ चे सज्जे आहेत. शिखर सपाट न करता वास्तू टेकडीच्या पोटात दडवली असल्याने ती खालून दिसतच नाही.

पूर्वेकडे नाओशिमा, तेशिमा आणि शोदोशिमा ही बेटे पुलांनी जोडलेली नाहीत. तिथे फेरीबोटच. २०१० पासून दर तीन वर्षांनी भरणाऱ्या सेतोउची कलामहोत्सवामुळे ती जगाला ठाऊक झाली. तेशिमाची कथा मात्र कलेच्या आधी सुरू होते. तिथे वर्षानुवर्षे बेकायदा औद्योगिक कचरा टाकला गेला, बेटकऱ्यांनी लढा दिला, २००० मध्ये तडजोड झाली आणि पुढे ९ लाख टनांहून अधिक कचरा व दूषित माती नाओशिमाला नेऊन त्यांच्यावर प्रक्रिया करावी लागली. त्याच तेशिमावर भातखाचरांशेजारी २०१० मध्ये नाइतो रेइ आणि निशिझावा र्‍यूए यांचे कलासंग्रहालय उभे राहिले. एकही खांब नसलेले पांढरे काँक्रीटचे कवच, वर दोन मोठी छिद्रे आणि जमिनीतून झिरपून थेंबाथेंबाने वाहणारे पाणी, एवढेच आत आहे. ओकुनोशिमावर ससे पाहायला गर्दी होते. तिथे १९२९ ते १९४५ विषारी वायूचा कारखाना होता. १९८८ मध्ये उघडलेले त्याचे छोटे संग्रहालय न पाहता बेट सोडू नये. हिरोशिमाजवळच्या मियाजिमावर बेन्झाइतेनची, म्हणजे आपल्या सरस्वतीची, उपासना चालते. तिथल्या समुद्रात उभ्या असलेल्या तोरणद्वारापाशी भरतीला कयाकने जाता येते आणि ओहोटीला पायी.

पाण्यातील खेळ : लाटा लहान असल्याने कयाक आणि उभ्याने वल्हवायची फळी यांसाठी हे पाणी नवख्यांना सोपे वाटते. धोका लाटांचा नसून ओढीचा आहे. पाणी साधारण सहा तासांनी फिरते आणि फिरताना थोडा वेळ थांबते. जाणकार वाटाडे बेटांमधली अरुंद वाट नेमकी त्या वेळात पार करतात. भांगाच्या दिवसांत ओढ कमी, उधाणाला सर्वाधिक. एकट्याने कयाक घेऊन जहाजांच्या वाटेत शिरणे हा शुद्ध अविचार आहे. पोहण्यासाठी सेतोदाची पुळण चांगली.

मुक्काम व हंगाम : दमाचा सायकलस्वार शिमानामी एका दिवसात पुरा करतो. तसे करण्यात बेटे हातची जातात. इकुचिजिमा किंवा ओमिशिमावर मुक्काम करावा, तोही शक्यतो घरगुती मिनशुकु निवासात. या बेटांवर तरुण कमी आणि वृद्ध अधिक झाले आहेत, आणि रात्री राहणाऱ्या पाहुण्याचा पैसा गावातच उरतो. पुलांनंतर अनेक फेरीसेवा आटल्या. ओनोमिची-मुकाइशिमा या गजबजलेल्या वाटेवरची एक सेवाही मार्च २०२५ मध्ये थांबली. होन्शूवरील चुगोकूचे आणि शिकोकूचे डोंगर मोसमी वारे अडवत असल्याने पाऊस तुलनेने कमी पडतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. वसंतात व उन्हाळ्याच्या सुरुवातीला धुके पडते आणि सप्टेंबरात टायफूनमुळे बोटी रद्द होतात. लहान बेटांवर शेवटची फेरीबोट संध्याकाळी लवकर सुटते, तेव्हा उतरल्याबरोबर धक्क्यावरच्या फलकावरून परतीची वेळ टिपून घ्यावी.