काशिदाचा पल्ला

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत मांडवा म्हणून एक गांव आहे. (हें आष्टी म्हणजे १८१८ च्या फेब्रुवारींत बापू गोखले जेथें पडले तें नव्हे; तें सोलापूर जिल्ह्यांतील. नामसाम्यानें घोटाळा होऊं नये म्हणून सांगून ठेवितों.) या मांडव्यांत १९९४ सालीं अविनाश साबळे याचा जन्म झाला. सहा किलोमीटरांवरील शाळा तो पायींच गांठीत असे. पुढें महार पलटणींत त्यानें सियाचेनची थंडी व राजस्थानचें ऊन दोन्ही सोसलीं. २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत त्यास रौप्यपदक मिळालें, व २०२३ सालीं हांगचौ येथें आशियाई सुवर्णपदक. आमच्या त्रैमासिकांत धांवपटूचें नांव आलेलें पाहून वाचक चकित होतील. परंतु त्याचा वृत्तांत वाचतांना आमच्या मनांत एक जुनी शंका पुनः जागी झाली. ज्यांच्या कमरेच्या थैल्यांतून आमचीं सारीं पत्रें या प्रांतांतून गेलीं, ते लांब पल्ल्याचे धांवणारे कोण होते, आणि ते कशासाठीं धांवत?

आम्ही पत्राचा मायना पाहतों, मोर्तब पाहतों, कागदाची जात पाहतों. आणणाऱ्याचा विचार करीत नाहीं. जासूद, काशीद, हरकारा हे शब्द कोशांत जवळजवळ पडतात. त्यांतील जासूद हा मूळ अरबी शब्द हेर या अर्थाचा. मराठींत तो पत्र नेणाऱ्यासहि लागला. हा अर्थविस्तार आकस्मिक नव्हे, हें पुढें दिसून येईल.

धांवत्या टपालाची व्यवस्था दक्षिणेस नवी नव्हती. महंमद तुघलखाच्या वेळीं इब्न बतूता या प्रवाशानें ती प्रत्यक्ष पाहिली. एका मैलांत तीन ठाणीं. प्रत्येक ठाण्यावर कंबर कसून बसलेलीं माणसें. एका हातीं पत्र, दुसऱ्या हातीं घुंगरांची काठी. घुंगरांचा आवाज ऐकतांच पुढचा उठून सिद्ध होई. सिंधेंतून दिल्लीस पन्नास दिवसांची वाट, ती बातमी पांच दिवसांत तोडी. आणि ही पायडाक घोड्यांच्या डाकेहून जलद, असें तो म्हणतो. दौलताबादेस सुलतानाच्या पिण्याकरितां चाळीस मजलांवरून गंगोदक याच रीतीनें येत असे. दौलताबाद बीडच्या वायव्येस फार दूर नाहीं. आणि याच सुलतानानें आपला पडलेला दांत बीडजवळ मोठ्या समारंभानें पुरून वर घुमट बांधविला, असें फेरिस्ता सांगतो. दांतास घुमट मिळाला. घुंगरवाल्यांस कांहीं मिळालें नाहीं.

परंतु या डाकेंतील माणूस तिसरा हिस्सा मैल धांवून थांबतो. मराठी अमदानींतील जासुदाची तऱ्हा निराळी. तो बहुधा जोडीनें निघे. एक आजारी पडला किंवा मारला गेला तर दुसऱ्यानें पोंचावें, हा हेतु उघड आहे. तीच जोडी मुक्कामापर्यंत जाई व जाब घेऊन परते. हातोहात पत्र देणें जलद असतां एकाच माणसास शेंकडों कोस दौडविण्याचें प्रयोजन काय? आमच्या मतें याचें उत्तर पत्रांतच आहे. अनेक पत्रांच्या शेवटीं, बाकीचा मजकूर जासुदाच्या तोंडीं सांगितला आहे, तो ऐकून घ्यावा, अशा अर्थाचें वाक्य येतें. म्हणजे पत्राचा नाजूक भाग कागदावर नसून माणसांत होता. कागद हातोहात जाऊं शकतो. मुखजबानी दहा तोंडांतून गेली कीं तिचा विश्वास उरत नाहीं. शिवाय वाटेंतील छावण्या, नद्यांचे उतार, धारणी हें सर्व जो डोळ्यांनीं पाहून आला त्यासच विचारतां येई. हेर आणि पत्रवाहक यांस एकच शब्द कां, तें येथें उकलतें.

बीड प्रांत तर दोन दरबारांच्या मधला. उत्तरेस गोदावरी, मधून बालाघाटची चढण. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनास निजामाची फौज गोदेच्या पुरानें दुभागली गेली आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. ज्या पुरानें फौज अडविली तो जासुदास सांगडीवरून उतरावा लागे. ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई आष्टी तालुक्याच्या शेजारींच जामखेड तालुक्यांत झाली. या दोन तारखांमधील बत्तीस वर्षें पुण्याच्या व भागानगरच्या कारभाऱ्यांचीं पत्रें आम्ही मोठ्या आवडीनें वाचतों. तीं नेणाऱ्यांस ही चढण पायांनीं मोजावी लागली.

आतां वेगाचा प्रश्न. सर्वांत प्रसिद्ध पल्ला पानिपतच्या काशिदाचा. ग्रँट डफ लिहितो कीं, सावकारांच्या चाकरींतील हा काशीद पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोंचण्याच्या करारानें निघाला होता. वाटेंत तो नानासाहेब पेशव्यांच्या हातीं लागला, आणि मोत्यें, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत लिहिलेली ती भयंकर वार्ता त्यांनीं उघडून वाचली. पेशव्यांचा मुक्काम त्या वेळीं नर्मदेच्या कांठीं होता असें डफ म्हणतो. परंतु २४ जानेवारी १७६१ रोजीं, म्हणजे लढाईनंतर दहाव्या दिवशीं, भेलशास हें पत्र मिळालें असें सरदेसायांनीं दिलें आहे, व तेंच ग्राह्य दिसतें.

हिशेब करूं. पानिपत ते औरंगाबाद सरळ रेषेंत मोजिलें तरी सुमारें १०७० किलोमीटर. नऊ दिवसांचा करार म्हटला तर रोज ११९, म्हणजे सदतीस कोस. ग्रीस देशाच्या यानिस कूरोस यानें २००५ सालीं सहा दिवसांत १०३६ किलोमीटर धांवून दाखविलें हें खरें. पण तें आंखलेल्या मार्गावर व हाताशीं अन्नपाणी असतां. चंबळ, नर्मदा व तापी उतरून एकट्या माणसानें हें करावें हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. सावकारांनीं वाटेंत माणसें बदलण्याची तजवीज केली असावी, नाहींतर नऊ दिवस हा आंकडाच ऐकीव असावा. उलट भेलशापर्यंतचें अंतर सरळ रेषेंत सुमारें ६६० किलोमीटर. दहा दिवसांत रोज वीस कोसांवर थोडें अधिक. वाटेचीं वळणें धरून हें पुष्कळच वाढेल, तरी कसलेल्या पायांस तें असाध्य नाहीं. करार बाजूस ठेवून आम्ही हा दुसरा आंकडा प्रमाण मानतों.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्यास आपल्या पुत्राच्या मृत्यूची वार्ता सावकाराच्या भाडोत्री माणसाकडून कळली. कारण सावकारास बातमी म्हणजे रोकड: हुंडी कोणाची सकारावी, माल धरावा कीं सोडावा, हें एका दिवसावर अवलंबून. त्यासाठीं तो दिवसांची बोली करून अजुरा मोजी. काशिदाची प्रेरणा यांत आली असें कोणी म्हणेल. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. अजुऱ्यासाठीं माणूस निघतो. पण जिवाची भीति असतां आठव्या दिवशींहि पाऊल उचलतो तें, आपल्यावांचून ही गोष्ट पोंचणार नाहीं हें त्यास ठाऊक असतें म्हणून. साबळे यानेंहि आधीं शिपाईगिरी पत्करली. शर्यती मागून आल्या. २०२० सालीं दिल्लीस त्यानें एकवीस किलोमीटरांची अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पुरी केली, तेव्हां त्याचें नांव, वेळ व अंतर तिन्ही लिहून ठेवण्यांत आलीं. पानिपतच्या काशिदाचें नांव डफ देत नाहीं.

तें नांव आतां मिळणें कठीण. वेग व अंतर मात्र मिळूं शकतील. पत्राची रवानगीची तारीख आणि पाठीवरील पैवस्तीची तारीख यांची वजाबाकी केली कीं दिवस निघतात. ज्यांच्यापाशीं बीड, आष्टी, धारूर, अंबाजोगाई या बाजूचीं दप्तरें असतील त्यांस आमची विनंति आहे कीं, पत्राची नक्कल करतांना पाठीवरचा शेरा गाळूं नये, लखोटे फेंकून देऊं नयेत, आणि अजुऱ्याची एखादी चिटोरी रुमालांत सांपडल्यास ती ज्या पत्राबरोबर सांपडली त्याच पत्रास टांचून ठेवावी.