राठोड : वाशीम जिल्ह्यातील एका आडनावाची वाटचाल

राठोड हे वाशीम जिल्ह्यात सर्वत्र आढळणारे आडनाव आहे. मानोरा तालुक्यात तर शाळेचा हजेरीपट उघडा की मतदारयादी, ते पानोपानी भेटते. मराठी मुलखातील पुष्कळ आडनावे गावावरून पडली, जसे वाशीमकर किंवा कारंजेकर. काही वतनावरून आली, जसे देशमुख, देशपांडे, पाटील. राठोड यांपैकी कशातच बसत नाही. ते बंजारा समाजातील एका गोताचे नाव आहे. आडनाव म्हणून सरकारी कागदावर चढण्यापूर्वी कित्येक पिढ्या ते तांड्यात सोयरीक ठरवण्यापुरते वापरात होते.

स्वतःला ‘गोर’ म्हणवणाऱ्या या समाजात राठोड, पवार, चव्हाण, जाधव (म्हणजे वडतिया) आणि आडे ही मोठी गोते. प्रत्येक गोताचे पोटभाग म्हणजे पाडे. परंपरेच्या हिशेबाने राठोडांचे पाडे २७, पवारांचे १२ आणि चव्हाणांचे ६. एका गोतात लग्न होत नाही, म्हणून कोण कोणत्या पाड्याचा हे ठाऊक असणे तांड्यात अत्यावश्यक. वंशावळी तोंडपाठ ठेवून त्या गाऊन सांगण्याचे काम ढाडी करीत. लेखी दप्तर नसलेल्या समाजाचे ते बोलते दप्तरच होते.

नावाचा उगम शोधताना अभ्यासक दोन टप्पे मागे जातात. पहिला टप्पा मारवाडचा. राठोड हे तेथील राजपूत राजघराण्याचे नाव. याच घराण्यातील राव जोधाने १४५९ मध्ये जोधपूर वसवले. बंजाऱ्यांच्या कुळकथाही त्यांना राजस्थानातूनच खाली आणतात आणि गोरबोलीचे राजस्थानीशी असलेले नाते त्याला दुजोरा देते. मात्र भाषेचे नाते म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. तांड्यातले राठोड हे राजघराण्यातून फुटलेली शाखा, की त्या मुलखात वावरणाऱ्या वाहतूकदारांनी तेथील प्रतिष्ठित कुळांची नावे घेतली, याचा निर्णय देणारा कागद उपलब्ध नाही. पवार, चव्हाण, जाधव अशी सगळीच नावे नामांकित क्षत्रिय कुळांची असावीत, यावरून दुसरी शक्यता नुसती झटकून टाकण्याजोगी नाही.

दुसरा टप्पा आणखी जुना. राठोड हा शब्द ‘राष्ट्रकूट’ या संस्कृत शब्दापासून आला, असे सामान्यतः मानले जाते. राजस्थानात हथुंडी येथे राष्ट्रकूटांची एक शाखा राज्य करीत होती, हे इ. स. ९९७ च्या शिलालेखावरून कळते. पण राष्ट्रकूटांचे मोठे साम्राज्य दक्षिणेतले, राजधानी मान्यखेट. ते स्वतःला ‘लट्टलूर’ म्हणजे लातूरचे स्वामी म्हणवीत. त्याही आधी वऱ्हाडात अचलपूरच्या परिसरात राष्ट्रकूटांचे एक घराणे होते. त्यातील नन्नराजाचा मुलताई येथे सापडलेला ताम्रपट शके ६३१, म्हणजे इ. स. ७०९ च्या सुमाराचा आहे. तेव्हा बंजाऱ्यांनी उत्तरेतून वऱ्हाडात आणलेले हे नाव मुळात वऱ्हाडाला अगदीच परके नव्हते. अर्थात एवढ्यावरून आजच्या कोणाची वंशावळ नन्नराजापर्यंत नेऊन भिडवणे हा उत्साहाचा अतिरेक ठरेल.

दक्षिणेत हे नाव आले ते बैलांच्या पाठीवरून. धान्य आणि मीठ गोण्यांत भरून हजारो बैलांच्या तांड्याने दूरच्या बाजारात न्यायचे, या धंद्याला ‘लदेणी’ म्हणत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने अशा वाहतूकदारांचे चार वर्ग नोंदवले आहेत. एक धान्य वाही, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ. सैन्याला रसद पुरवणे हे त्यांचे दुसरे मोठे काम. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याने बंजाऱ्यांची माहिती संकलित केली. तिच्यातील परंपरेनुसार, १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान विजापुरावर चालून गेला, तेव्हा जंगी आणि भंगी हे राठोड नायक १,८०,००० बैल घेऊन आणि भगवानदास वडतिया ५२,००० बैल घेऊन त्याच्याबरोबर दक्षिणेत उतरले. आकडे ढाडींच्या तोंडचे आहेत, तेव्हा ते सढळ असणारच. पण मोगली मोहिमांबरोबर तांडे दक्षिणेत आले आणि इथेच राहिले, हा त्यातला गाभा विश्वसनीय आहे. पुढे निजाम, मराठे आणि इंग्रज या सर्वांच्या फौजांना त्यांचे बैल लागले.

एकोणिसाव्या शतकात या धंद्याला उतरती कळा लागली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६७ मध्ये अकोल्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली. मालगाडीपुढे बैलांच्या गोण्यांचा निभाव लागणे शक्य नव्हते. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि फिरत्या माणसाकडे संशयाने पाहणे हेच सरकारी धोरण झाले. तांडे स्थिरावू लागले. पूर्वीच्या बाशीम (म्हणजे वाशीम) जिल्ह्यातील डोंगरउताराच्या जमिनी, पैनगंगा आणि अरुणावतीच्या खोऱ्यांतील रान ही त्यांची वस्तीची ठिकाणे बनली. हा जिल्हा १९०५ मध्ये मोडला. बाशीम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात. त्यामुळे एकाच पट्ट्यातले तांडे दोन जिल्ह्यांत विभागले गेले. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला.

वस्ती एका जागी आली तशी कागदाची गाठ पडली. तलाठी आणि शाळामास्तर यांना स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव अशी तीन घरे भरायची होती. तांड्यात ओळख चाले ती नायकाच्या नावाने आणि पाड्याने. मराठी दप्तरात पाड्याऐवजी मोठे गोत चढले. पवार, जाधव, चव्हाण ही नावे मराठी कानाला आधीच परिचित असल्याने ते सहज घडले असावे. काही घराण्यांत नायकीचे पदच आडनाव झाले. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे अशाच घराण्यातले. त्यांचे गहुली हे गाव पुसद तालुक्यातले.

तेलुगू मुलखात नेमके उलटे झाले. तिथे व्यक्तीच्या नावाआधी ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचे नाव, लिहिण्याची रीत. त्या जागी पाडा बसला. म्हणून वरंगळ-खम्मम भागात भुक्या, रामावत अशी आडनावे दिसतात. वाशीमच्या हिशेबाने ती माणसे राठोडच. सीमेलगतच्या आदिलाबादेत मात्र मराठी वळण टिकले आणि तिथे राठोड, जाधव, चव्हाण भेटतात. उत्तर कर्नाटकातही हीच नावे रूढ आहेत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे ज्यांची समाधी आहे ते संत सेवालाल महाराज यांचा जन्म परंपरेनुसार १७३९ मध्ये आजच्या आंध्रातील अनंतपूर भागात, याच रामावत पाड्यात झाला.

राठोडांप्रमाणे एकाच नावाखाली अफाट लोकसंख्या येण्याचे सर्वांत ठळक उदाहरण व्हिएतनामचे. तिथे दर दहांपैकी जवळपास चार जणांचे आडनाव न्गुयेन आहे. १२३२ मध्ये त्रान राजवटीने पदच्युत लि घराण्याच्या लोकांना हे नाव घ्यायला लावले. पुढे १८०२ ते १९४५ न्गुयेन घराण्याचेच राज्य होते. तिथे नाव पसरले त्यात राजसत्तेचा हात मोठा. वाशीमच्या राठोडांवर असा कोणताच हुकूम नव्हता. त्यांचे नाव बैलांच्या वाटेने आले आणि दप्तराच्या रकान्यात बसले.

कायद्याने मात्र एकाच बंजारा समाजाचे तीन भाग केले आहेत. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात, कर्नाटकात अनुसूचित जातींत. तेलंगणात १९७६ च्या कायद्यानंतर लंबाडा, म्हणजे तेथील बंजारा, अनुसूचित जमातींत आले. सोयरिकीचा नियम तिन्हीकडे एकच राहिला. रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत या सर्व राज्यांतून माणसे येतात. तिथे मानोऱ्याचा राठोड आणि वरंगळचा भुक्या एकमेकांना भेटले, तर आडनावे वेगळी असूनही त्यांच्या घरांत सोयरीक होऊ शकत नाही, कारण दोघांचे गोत एकच.