मुळशी खोऱ्यातील वस्ती आणि वाट

गावाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम देवस्थानाकडे किंवा जवळच्या किल्ल्याकडे वळते. आम्ही मात्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे दोन साधे प्रश्न ठेवू इच्छितो. गावात माणसे किती, आणि गावास जावयास वाट कोणती? मुळशी तालुक्यात या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आज ज्या वाड्यांस आपण आडवळणाच्या म्हणतो, त्या पूर्वी आडवळणी नव्हत्या. तैलबैलाच्या परिसरातून सवाष्णी आणि वाघजाई हे घाट कोकणात उतरतात. पायथ्याशी ठाणाळ्याची प्राचीन लेणी आहेत, वर घनगड उभा आहे. वाट वाहती होती म्हणूनच लेणी खोदली गेली आणि गडावर पहारा बसला. माणूस व बैल यांच्या पायांनी चालणाऱ्या त्या काळात येथील लहानशी वस्तीही घाट व कोकण यांच्या मध्यावर होती.

हे चित्र धरणाने पालटले. मुळा नदी अडवून तिचे पाणी पश्चिमेस कोकणात भिरा येथे सोडावयाचे आणि त्या विजेवर मुंबईचे कारखाने चालवावयाचे, अशी टाटा कंपनीची योजना होती. तिच्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ च्या अखेरीस रेल्वेगाडी अडविल्याच्या प्रकरणी त्यांनी दीर्घ कारावास पत्करला. परंतु धरण थांबले नाही. १९२७ साली ते पूर्ण झाले. सुमारे पन्नास गावे आणि अकरा हजार माणसे यांस त्याची झळ पोहोचली.

बुडाली ती आंबेमोहोराची खाचरे, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. आमच्या मते खोऱ्याचा तळ हीच गावागावांस जोडणारी सपाट वाट होती, आणि तीही पाण्याखाली गेली. काही कुटुंबे डोंगराच्या अंगावर चढून राहिली, काही पुण्यामुंबईस गेली. समोरासमोरची गावे नजरेच्या टप्प्यात राहिली, पण पायांस दुरावली.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली आणि पुढे खेडोपाडी मोटार पोहोचू लागली. परंतु मोटारीस सडक लागते, व येथे सडकेस जलाशयाला वळसा घालावा लागतो. घनगडाच्या पायथ्याचे एकोले हेच उदाहरण घ्या. तालुक्याचे ठाणे पौड. गडावर जाणारा प्रवासी मात्र बहुधा लोणावळ्याकडून येतो. ज्या गावाचे सरकारदरबार एका दिशेस आणि दळणवळण दुसऱ्या दिशेस, तेथील रुग्णाची व विद्यार्थ्याची ओढाताण निराळी सांगावयास नको.

२०११ च्या खानेसुमारीत तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७१ हजार भरली. हा आकडा वाचून कोणी समाधान मानू नये. हिंजवडीही याच तालुक्यात मोडते. पुण्यालगतच्या पूर्व भागातील गर्दी आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील ओस पडणारी घरे यांची एकत्र बेरीज केली, की डोंगरातील उणे शहरालगतच्या अधिकात झाकून जाते.

खानेसुमारी राहिलेल्यांस मोजते. गेलेल्यांची नोंद तिच्यात नसते. ती नोंद आपल्या घरांतच आहे. म्हणून ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती की, आपले मूळ गाव कोणते, घर केव्हा व कशामुळे सोडले, आणि कोणत्या वाटेने बाहेर पडलात, एवढे तरी वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. धरण झाले तेव्हा जाणती असलेली पिढी केव्हाच निघून गेली. तिच्याकडून ऐकलेलेही आता थोडेच उरले आहेत. त्यांच्यामागून विचारावयास कोणी असणार नाही.