तिथी नसलेले पितर

मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता नागोठणे सोडून कोलाडकडे निघाला, की वाटेत रोहे तालुक्यातले खांब गाव लागते. ह्या गावाचा आणि नाताळचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो रणांगणातून आलेला आहे. आणि खांबच्या आसपासच्या, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, गावांनी तो विसरू नये असे आम्हांस वाटते.

१९१५ च्या डिसेंबरात इराकमधील टायग्रिस नदीच्या वळणावर, कूत नावाच्या गावी, जनरल टाउनशेंड ह्यांच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ ह्या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. ह्या पलटणींत देशावरचे व कोकणातले मराठे होते, दक्खनी मुसलमानही होते. भातशेतीवर पोट भरेना म्हणून घरातला एक मुलगा शेतावर ठेवायचा आणि एक पलटणीत धाडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीनेच ही माणसे तेथवर गेली. त्यांतले कित्येक लेकरांचे बाप होते.

२४ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, तुर्की तोफांनी कूतच्या मातीच्या किल्ल्याला भगदाड पाडले. किल्ल्यात १०३ वी मराठा पलटण होती, आणि तिच्या शेजारी ऑक्सफर्डशायरच्या पलटणीचे गोरे शिपाई. दुपारी हल्ला झाला, रात्री पुन्हा झाला. हातबॉम्ब आणि संगिनी ह्यांवर दोन्ही परतवले गेले. नाताळची पहाट उजाडली तेव्हा किल्ला हातात होता आणि भगदाडासमोर प्रेतांचा खच पडला होता.

पण वेढा उठला नाही. सोडवणुकीसाठी जी फौज खालून आली तिचे सुमारे २३,००० लोक मेले वा जखमी झाले, तरी ती पोचली नाही. अन्न संपत आले. घोडी मारून मांस वाटू लागले, तेव्हा आपल्या पुष्कळ शिपायांनी धर्माच्या भयाने ते बरेच दिवस शिवले नाही. ते रोडावले, रक्तपितीने खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. नोकरचाकर धरून सुमारे १३,००० माणसे कैद झाली. शिपायांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. पुष्कळांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपले. कोण कोठे पडला ह्याची खबर सगळ्यांच्या घरी आली नाही.

आता एका घराची कल्पना करा. इंग्रज घरात बाप लढाईत पडला, तर नाताळच्या जेवणाला त्याची खुर्ची रिकामी दिसते. आपल्याकडे ती आठवण पितृपक्षात होते. हत्याराने मेलेल्याचे श्राद्ध चतुर्दशीला करावे, अशी चाल आहे. पण बाप हत्याराने मेला, की तहानेने, की तापाने, हेच जेथे ठाऊक नाही, तेथे चतुर्दशी कशी धरावी? अशा घराला उरते ती सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी माहीत नाही त्या सर्वांच्या पंगतीत हा बापही बसतो.

तिथी हरवली हा दैवाचा भाग म्हणू. नाव मात्र दैवाने हरवले नाही. १९२९ मध्ये बसऱ्याला मोठे स्मारक उघडले गेले. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा ४०,००० हून अधिकांचे ते स्मारक. त्यावर साध्या गोऱ्या शिपायाचे नाव कोरले. साध्या हिंदी शिपायांची पलटणीवार संख्या तेवढी कोरली. किल्ल्याच्या भगदाडात दोघे खांद्याला खांदा लावून उभे होते; भिंतीवर एकाला नाव मिळाले, दुसऱ्याला आकडा. ही वागणूक असमान होती, हे युद्धसमाध्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाच्या समितीने २०२१ मध्ये कबूल केले.

ह्याच परंपरेची पुढली कडी आपल्या जिल्ह्यातच आहे. ११० वी पलटण १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे ह्याच पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात, साथीदार पडल्यावर, एकट्याने शत्रूची मशीनगन जिंकून ते पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचाही देह सापडला नाही, पण कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे.

कूतच्या शिपायांचे काय? एक गोष्ट आशेची आहे. पहिल्या महायुद्धाचे जे रुपेरी पदक शिपायाला वा त्याच्या वारसाला मिळाले, त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असे. भिंतीने जे नाकारले ते पदकाच्या कडेने जपले. काही पदके अडचणीच्या साली सोनाराकडे गेली असतील. काही अजून पेटीच्या तळाशी असतील.

आमची विनंती एवढीच, की ज्याच्या घरी असे पदक असेल त्याने ते उजेडात धरून नाव वाचावे, कागदावर उतरवावे आणि गावाच्या शाळेत किंवा वाचनालयात द्यावे. मग पुढच्या अमावास्येला पान वाढताना 'अज्ञात' म्हणण्याची पाळी येणार नाही. आणि नाताळ आला, की त्या भगदाडात उभा राहिलेला बाप आपल्या नावानिशी आठवेल.